मागच्या डाव्या सीटचा दिवा

या लिखाणातली एकही वेळ अंदाजाने टाकलेली नाही. तारखा माझ्या मोबाईलमधल्या नोंदींतून घेतल्यात. मिनिटं लग्नाच्या व्हिडिओशी ताडून पाहिलीत. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय, आणि जे मोजलं नाही ते मी सहसा मानत नाही.

म्हणून तर हे लिहायला मला इतका वेळ लागला.

जागा भाईंदर पूर्व, जेसल पार्क. आमच्या सोसायटीचं उघडं पार्किंग. साल २०२४, मे आणि जून.

रात्र नव्हती. जे झालं ते भर दुपारी झालं.

आम्ही मूळचे भाईंदर पश्चिमेचे आगरी. आजोबांपर्यंत मिठागरं होती. आता फ्लॅट आहे. घरात बाबा, आई, प्रणयदादा, मी आणि बाबांची मोठी बहीण, रखमाआत्या.

आत्या एकाहत्तर वर्षांची. सकाळी चहा घेतला की नाही, हे तिला दहा वाजता आठवायचं नाही. पण धवले सगळे पाठ. तरुणपणी ती धवलारीण होती. आमच्या लग्नांत एकेक विधी चालू असताना त्या विधीची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी बाई असते, ती. पंचक्रोशीतली शंभर लग्नं तिने गाऊन लावली असतील.

दोनदा ती घरातून चालत निघाली होती. मिठागरावर जायचंय म्हणून. मिठागर आता नाही, हे तिला पटायचं नाही. एकदा तर सिग्नलला गाडीचं दार उघडून उतरली. तेव्हापासून मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक मी लावून ठेवलं होतं. ते लॉक लावलं की मागचं दार आतून उघडत नाही. फक्त बाहेरून.

गाडीचं सगळं माझ्याकडेच असायचं. दर रविवारी सकाळी मी खाली उतरायचे. टायरची हवा, इंजिन ऑइलची काडी, कूलंट. मग भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे तपासायचे. शेवटी किल्ली अर्धी फिरवायची आणि डॅशबोर्ड बघायचा. सगळे दिवे एकदम लागतात आणि तीन-चार सेकंदांत एकेक करून विझतात. लागलाच नाही तो दिवा बिघडलेला. विझला नाही, तर त्याचं ऐकायचं. पिवळा असेल तर गॅरेज गाठायचं. लाल असेल तर थांबायचं.

आत्याला हा खेळ फार आवडायचा. ती मागे डावीकडे बसायची, दोन सीटच्या मधून मान पुढे काढायची. बेल्टच्या लाल चिन्हाकडे बोट दाखवायची. सीटवर बसलेला छोटा माणूस, त्याच्या छातीवर आडवा पट्टा.

"यो बांदलेला मानूस कोन गो?"

"माणूस नाही आत्या, खूण आहे. मागे कुणी बसलं आणि बेल्ट नाही लावला, तर ती लागते."

"कोनी बांदला त्याला?"

"त्यानेच स्वतःला बांधलं."

ती खो खो हसायची. "सोताला कोन बांदतंय? तू पन कायबी सांगतंस."

दर रविवारी तोच प्रश्न. दर रविवारी तेच हसू.

लग्नाआधी महिनाभर मी गाडीला अलार्म बसवून घेतला. केबिन रोडवरच्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून. त्यात शॉक सेन्सर असतो. काचेला किंवा पत्र्याला धक्का बसला की भोंगा वाजतो आणि चारही इंडिकेटर लुकलुकतात. रिमोटचं बटण दाबलं की गप्प. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, फुल पे रखा है. बिल्ली भी बैठेगी तो चिल्लायेगा."

ही गोष्ट लक्षात ठेवा.

* * *

रविवार, १२ मे २०२४. दादाचं लग्न.

मुलगी पूनम सागर भागातली, अनुष्का. तिच्या घरचे लालबागहून मीरा रोडला राहायला आलेले. साधी, नोकरीवाली माणसं. लग्न मात्र आमच्या बाजूला, पश्चिमेला, गावाजवळच्या मैदानात मांडव घालून. बाबांनी डीजे सांगितला होता. टेम्पोवर रचलेले स्पीकर, माणसापेक्षा उंच.

पावणेबाराच्या सुमारास आत्या त्या टेम्पोसमोर जाऊन उभी राहिली. पदर खोचला. आणि धवला सुरू केला.

पोरं हसायला लागली. चार-पाच मोबाईल वर झाले.

"हेमांगी, हिला घे आधी," बाबा दात दाबून म्हणाले. "लोक व्हिडिओ काढतायत. गाडीत बसव जरा. एसी लाव."

मी तिचा दंड धरला.

"माज्या पोराचा लगीन हाय," ती म्हणाली. "न् मी धवला नको बोलू?"

"बोल गं. पण पाच मिनिटांनी."

"मना कोंडू नको गो."

"कोण कोंडतंय? पाच मिनिटं आत्या. मी येतेच."

मी इंजिन चालू ठेवलं. एसी लावला. ऊन नको म्हणून मागच्या काचांचे काळे पडदे ओढले. ती पाय वर घेऊन आडवी झाली.

अकरा वाजून बावन्न मिनिटं.

सव्वाबाराला अनुष्काचा भाऊ, नीरज, माझ्याकडे आला. घामाने भिजलेला. चालू असलेली गाडी डीजेच्या टेम्पोला आडवी येत होती, म्हणून त्याने ती पलीकडे उघड्यावर नेऊन लावली होती. किल्ली माझ्या हातात ठेवली. "ताई, लॉक केलीय हं," म्हणाला आणि नाचायला पळाला.

लॉक केलीय, म्हणजे आत कुणी नाही. आईने आत्याला बाहेर काढलं असेल.

असेल. प्रयोगशाळेत हा शब्द मी कधी लिहिला नाही.

१२.४८ ला भोंगा वाजला.

डीजेच्या आवाजातून तो जेमतेम ऐकू येत होता. बाबांनी मान वळवली. "आपली गाडी लुकलुकतेय का गो?"

"बेस आहे ना बाबा, जमीन हादरते. शॉक सेन्सर ट्रिगर होतो." मी हात लांब करून बटण दाबलं. गप्प.

"बघा," बाबा व्याह्यांना म्हणाले, "फिजिक्सवाली आहे आमची."

१२.५५. पुन्हा भोंगा. पुन्हा बटण.

१.१०. पुन्हा.

या वेळी तो लगेच थांबला. मी बटण दाबायच्या आधीच थांबला. तरी मी दाबलं.

चौथ्यांदा वाजला नाही. डीजे अडीच वाजेपर्यंत चालू होता.

दोन पंचवीसला आई म्हणाली, "रखमाताईंना जेवायला आण गं. कुठे बसवलंयस त्यांना?"

* * *

ती कशी दिसत होती, ते मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तिच्या उजव्या हातातली चांदीची पाटली वाकली होती. काचेवर आतून बारीक चरे होते.

कागदावर उष्माघात आला. अपघाती मृत्यू. पण घराला कागद पुरत नाही. घराला माणूस लागतो.

इंजिन बंद केलं नीरजने. मागे न बघता दार लावलं नीरजने. आणि नीरज होता अनुष्कावहिनीचा भाऊ.

"पाऊल ठेवलं आणि घरातलं माणूस गेलं," आई शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. वहिनीने केलेल्या भाजीला कुणी हात लावायचं नाही. दादा तिच्याशी बोलायचा बंद झाला. एकदा वहिनी आत्याच्या फोटोचा हार बदलायला गेली, तर आईने तो तिच्या हातातून काढून घेतला. "राहू दे. तुमच्या घराने केलं तेवढं पुरे."

मी तिथेच उभी होते.

बाबाही होते.  एकदा, अंथरुणावर पडल्या पडल्या, त्यांनी मला विचारलं, "तो भोंगा... डीजेनेच वाजला होता ना गो?"

"हो बाबा."

"मग झालं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

* * *

पहिली खूण १९ मेला मिळाली. रविवार.

गाडी आमच्या इमारतीसमोर उभी होती, बाल्कनीकडे तोंड करून. तिला कुणी हात लावला नव्हता. दुपारी घरात सगळे सुतकाच्या जेवणाला बसले होते...

भोंगा.

दुसऱ्या मजल्यावरून मी वाकून पाहिलं. चारही इंडिकेटर लुकलुकत होते. आसपास माणूस नाही, मांजर नाही. मी रिमोट दाबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मग तिसऱ्यांदा.

वेळा मी सवयीने लिहून ठेवल्या.

१२.४८. १२.५५. १.१०.

पुढच्या रविवारी, २६ मेला, तेरावं होऊन गेलं होतं. मी सकाळी खाली उतरले. हवा, ऑइल, कूलंट. मग किल्ली अर्धी फिरवली. सगळे दिवे लागले. एकेक करून विझले...

एक राहिला.

मागची डावी सीट. लाल. बांधलेला छोटा माणूस.

मी वळून पाहिलं. सीट रिकामी.

घाबरले नाही. सीटच्या आत वजन ओळखणारी पट्टी असते. ओल धरली की ती फसते. मी सीटखाली हात घालून तिचा कनेक्टर ओढून काढला. आता गाडीला मागे डावीकडे कुणी बसलंय हे कळायचा मार्गच नव्हता.

पुन्हा किल्ली फिरवली. सगळे विझले.

तो राहिला.

त्या दुपारी भोंगा पुन्हा त्याच तीन वेळांना वाजला. बाबा बाल्कनीतून रिमोट दाबत होते. आई घाबरली होती. मीच तिला समजावलं, "काही नाही गं. शॉक सेन्सर आहे. वाजला की बटण दाबायचं. खाली जायची गरज नाही."

आईने तीन वेळा मान हलवली. मन लावून ऐकत होती बिचारी.

* * *

२ जून. रविवार.

वहिनीला माहेरी पाठवायचं ठरलं होतं. कायमचं, असं कुणी बोललं नव्हतं. पण तिची कपाटातली बाजू पूर्ण रिकामी केली होती. तिचे वडील आणि नीरज दीड वाजता घ्यायला येणार होते.

साडेअकराला ती माझ्या खोलीच्या दारात आली. डोळे सुजलेले. पण आवाज सरळ होता.

"हेमांगी, एकच विचारते. नीरजने चावी तुझ्याकडे दिली. त्यानंतर दोन तास. आत्यांनी काच वाजवली असेल ना गं? त्या गाडीला अलार्म आहे. एकदाही वाजला नाही?"

हॉलमध्ये बाबा पेपर वाचत होते. पान उलटायचा आवाज थांबला.

"डीजे होता वहिनी," मी म्हटलं. "काहीच ऐकू आलं नाही."

"म्हणजे वाजला नाही?"

"नाही."

बाबांनी पान उलटलं.

 वहिनी म्हणाली, "बरं."

मी ठरवलं, आज त्या दिव्याचा निकाल लावायचा. साडेबाराला खाली गेले. मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक काढलं. काढलेल्या लॉकचे फोटो घेतले. ते आजही माझ्याकडे आहेत. किल्ली अर्धी फिरवून तशीच ठेवली; रिमोट वर घरातच होता. फोन पुढच्या स्टँडवर लावून डॅशबोर्डचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू केलं. मग मागे, उजव्या सीटवर जाऊन बसले. दार लावलं. बेल्ट लावला.

माझ्या बाजूचा छोटा माणूस हिरवा झाला.

डावा लाल.

काळे पडदे अजून तसेच होते. आत भट्टी होती. मी घड्याळाकडे बघत होते. सेहेचाळीस. सत्तेचाळीस...

खट.

चारही दारं लॉक झाली.

किल्ली आत लावलेली असताना बाहेरच्या रिमोटने दारं लॉक होत नाहीत. मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मी स्वतः करून बघितलंय.

मी दाराची कडी ओढली. ती हलली, पण दार नाही. नुसती मोकळी कडी. पुढे सरकून पुढचं दार उघडावं म्हणून बेल्टचं लाल बटण दाबलं.

बेल्ट सुटला नाही.

उलट आवळला. थोडासा. मग अजून थोडासा.

आणि डावीकडच्या काचेवर आवाज झाला. ठक. ठक. ठक. धातूचा, आतून...

मी अजून हात उचललाच नव्हता.

भोंगा सुरू झाला. समोरच्या काचेतून मला आमची बाल्कनी दिसत होती. आई बाहेर आली. मी ओरडले, माझी काच दोन्ही मुठींनी बडवली. तिच्यामागून बाबा आले. बाबांनी हात लांब केला.

भोंगा बंद झाला.

आई काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला नंतर कळलं. "काही नाही हो, सेन्सर आहे. हेमांगीने सांगितलंय, खाली जायची गरज नाही."

ते आत गेले.

१२.५५. ठक. ठक. ठक. भोंगा. या वेळी बाबा एकटेच आले. हातात जेवणाचं ताट होतं. दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

घाम डोळ्यांत जात होता. जीभ टाळूला चिकटली होती. हे सगळं मोजता येतं. बंद गाडीत दहा मिनिटांत किती अंश वाढतात, ते मला पाठ आहे. चक्कर कधी येते, उलटी कधी, मग काय, हेही मी त्या पंधरवड्यात वाचून काढलं होतं. आता मी एकेक टप्पा ओळखत होते.

मग माझ्या डाव्या खांद्याजवळ, दोन सीटच्या मधून मान पुढे काढावी तसं कुणीतरी... अगदी सहज, रविवारच्या आवाजात...

"यो बांदलेला मानूस कोन गो?"

मी तिकडे बघितलं नाही.

"कोनी बांदला त्याला?"

मी रडत होते. आणि जे आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, ते बोलले.

अलार्म बसवल्यावर तो ट्रक गेला तरी वाजायचा. सोसायटीतले लोक कावले होते. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी, सेन्सरवरचा छोटा स्क्रू मी स्वतः फिरवला होता. सगळ्यात कमीवर. मग खात्रीसाठी बॉनेटवर स्पीकर ठेवून, पूर्ण आवाजात बेस लावून बघितला होता. नाही वाजला. फक्त काचेवर जोरात ठोकलं, तेव्हाच वाजला.

डीजेने तो वाजणं शक्य नव्हतं. मला ते माहीत होतं. मांडवात, रिमोट हातात असताना, पहिल्याच वेळी माहीत होतं. पण माझ्या अंगावर शालू होता, नवरानवरीसोबत फोटो चालू होते, आणि मैदान ओलांडून उन्हात जायचं होतं. माझ्याकडे एक उत्तर तयार होतं आणि सगळ्यांना ते पटलं होतं.

"मी," मी म्हटलं. "आत्या, मीच."

डावीकडून हसू आलं नाही.

१.१०. ठक. ठक...

तिसरा ठोका पडलाच नाही. भोंगा सुरू झाला आणि आपोआप थांबला. तरी बाल्कनीतून बाबांनी बटण दाबलंच.

मग काही नाही. कसलाच आवाज नाही.

* * *

दार वहिनीने उघडलं.

ती बॅग घेऊन खाली आली होती, वडिलांची वाट बघत. तिने गाडी थोडीशी हललेली पाहिली. वर जाऊन रिमोट आणला नाही, कुणाला विचारलं नाही. सरळ कडी ओढली. बाहेरून ते दार एका झटक्यात उघडलं. बेल्टचं बटण तिने नुसतं टेकवलं आणि बेल्ट सुटला.

माझ्या डोक्यावर तिने तिच्या बाटलीतलं सगळं पाणी ओतलं. आई-बाबा धावत खाली आले. गेटमधून नीरज आणि तिचे वडील आत येत होते. सगळे माझ्याभोवती उभे होते. वहिनीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"काय झालं हेमांगी? बोल ना. काय झालं?"

सगळे तिथे होते. एक वाक्य पुरलं असतं. नीरज तर तीन आठवडे झोपला नव्हता, त्याच्याकडे बघून कळत होतं.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खाली पाहिलं.

"सेन्सर खराब आहे," मी म्हटलं.

वहिनीने हात काढून घेतले. बॅग उचलली. दीड वाजायला चार मिनिटं होती.

* * *

फोनमधला व्हिडिओ मी एकदाच पाहिला. त्यात भोंगा नाही. ठोके नाहीत. भर उन्हातल्या पार्किंगची शांतता आणि माझा आवाज, स्पष्ट. स्क्रू, स्पीकर, शालू, सगळं. आणि पडद्यावर डॅशबोर्ड. माझ्या सीटचा दिवा त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागलेलाच नाही. गाडीच्या मते मी आत नव्हतेच. होता तो फक्त डावा. लाल.

मी "मीच" म्हटल्यावरही तो विझत नाही.

व्हिडिओ डिलीट केला. गाडी त्याच महिन्यात विकली. दादाचा घटस्फोट यावर्षी झाला. नीरजने नोकरी सोडल्याचं कुणीतरी सांगितलं. आई अजून म्हणते, वाचलो बाई त्या घरापासून.

आता मी ऑफिसला टॅक्सीने जाते. मागे, उजवीकडे बसते. गेल्या मंगळवारी ड्रायव्हरने दोनदा डॅशबोर्डकडे पाहिलं, मग आरशात.

"मॅडम, बाजूवाल्यांना पण बेल्ट लावायला सांगा ना. हा दिवा जात नाहीये."

मी हात लांब केला, डावीकडचा पट्टा ओढला आणि खाचेत अडकवला. आता मी रोज तसंच करते. दिवा जातो. उतरेपर्यंत मग काही आवाज होत नाही.

फक्त एक. रिकाम्या सीटवर तो पट्टा सपाट पडायला हवा ना?

तो पडत नाही. मध्येच थांबतो. एका बारीक, म्हाताऱ्या पोटाइतक्या अंतरावर.

मी मोजलंय.